वर्ग गावातच भरणार

११ मे, रविवार

दुपारी बद्रीनाथ येऊन गेला. माझा जुना विद्यार्थी, आता आपल्या शाळेच्या संस्थेचा सचिव. गाडी लांब लिंबाखाली लावली, दारापर्यंत पायी आला, पायाला हात लावला. सूनबाईनं, मनीषानं, खुर्ची पुढं केली तरी सतरंजीवरच बसला.

म्हणाला, सर, जूनपासून नववीला इंजिनिअरिंगपूर्व वर्ग काढून राह्यलो. ड्रॉइंग, मोजमापं, हत्यारं, थोडी मशीन. वरून गणित-विज्ञान पक्कं करायचं. शाळेमागचं वर्कशॉप आठवतं का?

आठवतं म्हणजे काय. मी नोकरीला लागलो तेव्हा आपल्याकडं टेक्निकल होतं. शेडमध्ये पोरं लाकडावर रंधा मारायची आणि शेजारच्या खोलीत मी मराठीचा तास घ्यायचो. त्या रंध्याच्या मागेपुढे होण्यावर माझी पोरं आपोआप कडवं म्हणायची. पुढं टेक्निकल बंद झालं, शेडला कुलूप लागलं. तेव्हापासून पोरांची चाल बिघडली, असं मला कायम वाटत आलंय.

बद्रीनाथचं म्हणणं एवढंच, की आसपासच्या गावची हुशार पोरं आपल्या शाळेत आली पाहिजेत आणि त्यांच्या आईबापाशी मी बोलावं. ‘माझ्या शब्दावर कोण येतंय, सर? तुमच्या शब्दावर येतील.’

सातवीत असताना यानं पिलाला शोधणाऱ्या चिमणीची कविता म्हटली होती. अख्खी शाळा गप्प झाली होती. असं म्हणणारं पोरगं आतून खोटं असूच शकत नाही, असं मी तेव्हा शिक्षकांच्या खोलीत बोललो होतो. गणिताचे सर हसले होते. त्यांना कविता कळत नव्हती.

हो म्हणालो. संध्याकाळी फार दिवसांनी मोठ्यानं कविता म्हटली. नातू सुमित म्हणाला, आबा, हळू, मी मोबाईलवर आहे.

२५ मे, रविवार

पंधरवडाभर फिरतोय. बद्रीनाथनं गाडी दिलीय, ड्रायव्हर दिलाय. ज्या गावात जावं तिथं कुणी ना कुणी ‘म्हस्कू सर’ म्हणून पुढं येतं. माझा बाप याच शिवारातून मेंढरं घेऊन जायचा, तेव्हा त्याला कोणी सावलीतही थांबू देत नव्हतं. आज मला बाजेवर गादी टाकून बसवतात. बापानं हे पाहायला हवं होतं.

आज मात्र गावातच, अजमतकडं गेलो. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, लोखंडी गेट करतो. त्याची मुलगी लायबा आठवी झाली. तिच्या आठवीच्या मॅडम म्हणाल्या होत्या, हिला सोडू नका. पण तिचं आधीच ठरलेलं होतं. अंबडला टेक्निकल शाळेत नववीला जागा मिळाली होती, राहायला तिची खाला, म्हणजे मावशी, तिथंच. अजमत स्वतः जाऊन नाव घालून आल्ता.

मी म्हणालो, गावातच वर्ग निघतोय, मग पोरगी परक्या घरी कशाला ठेवायची?

अजमतची आई खैरुनबी आतून ऐकत होती. पडद्याआडून म्हणाली, ‘सर, गावातच का? आज गावात अन् उद्या जालन्याला, असं न्हाई ना?’

‘गावातच. वर्ग गावातच भरणार. मी जबान देतो.’

ती बाहेर आली, माझ्याकडं नीट बघितलं, आणि अजमतला म्हणाली, लाव फोन. त्यानं माझ्यासमोर अंबडच्या शाळेतल्या सरांना फोन लावून जागा सोडली. मग खालाला लावला, ती नाराज झाली. तो म्हणाला, सरांनी सांगितलं, आता बिलकुल दुसरा विचार न्हाई.

लायबानं चहा आणला. तिला विचारलं, तुला काय व्हायचं? म्हणाली, अब्बाच्या ट्रॉलीचा आकडा सारखा मोडतो, तो का मोडतो ते शोधायचंय. फार हसलो. केवढा शुद्ध विचार. घरी येऊन मनीषाला सांगितला, ती म्हणाली, चांगलंय की.

१६ जून, सोमवार

वर्ग सुरू झाला. शेडला निळा रंग, दारात रांगोळी, आत ड्रॉइंगचे नवेकोरे बोर्ड. मधोमध लोखंड कातायचं हिरवं लेथ मशीन. कालच जालन्याहून टेम्पोनं आलं. अजून लाकडी ओंडक्यांवरच उभं आहे, दोरही सोडलेले नाहीत. पाहुण्यानं डोक्याचा पटका न सोडता बसावं तसं दिसतं. सगळ्यांनी त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढले.

मी बोललो. हात आणि डोकं एकत्र चालतात तेव्हा मनाला ताल सापडतो, असं काहीतरी. पाऊण तास बोललो म्हणे. बद्रीनाथ शेवटपर्यंत पहिल्या रांगेत बसून होता, एकदाही फोन पाहिला नाही.

सुमितही याच वर्गात. त्याला ड्रॉइंगची टी-पट्टी आणून दिली. अजून पिशवीतून काढली नाही. शिवशंकर, म्हणजे माझा मुलगा, जालन्याला एमआयडीसीत बियाण्यांच्या कंपनीत आहे, दर रविवारी घरी येतो. काल मला म्हणाला, आबा, तुमचं हे काम फार मोठं आहे. उभ्या जन्मात त्यानं माझ्या कामाला मोठं म्हटलं नव्हतं.

२ जुलै, बुधवार

आज वंदना मॅडमच्या तासाला मागं जाऊन बसलो. डिप्लोमा झालेली पोरगी, समजावून सांगते. एकच वस्तू समोरून कशी दिसते, वरून कशी, बाजूनं कशी, तिन्ही चित्रं एका कागदावर काढायची. मी थक्क झालो. आम्ही जन्मभर कवितेत हेच तर करत आलो.

नमुना म्हणून माझी चष्म्याची डबी दिली. सगळ्यांनी चौकोन काढले. लायबानं झाकणाची बिजागरीही काढली आणि आतली, वरून न दिसणारी बाजू तुटक रेघांनी दाखवली. मॅडम म्हणाल्या, हे मी अजून शिकवलं नव्हतं. लायबा म्हणाली, अब्बाला गेटच्या आतला गज समजावून सांगताना मी खडूनं असंच काढते.

लेथला अजून वीज नाही. मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, ‘सर, मला ऑगस्टपर्यंतच बोलावलंय. पुढचं मला म्हाईत न्हाई.’ आजकालच्या पोरांना एका जागी टिकायचा धीर नाही. आमच्या काळी एका शाळेत केस पांढरे व्हायचे.

१० जुलै, गुरुपौर्णिमा

बद्रीनाथनं शाल घातली. मग मोबाईल समोर धरून म्हणाला, पालकांसाठी दोन शब्द बोला. मी बोललो, हा आपला वर्ग, आपल्या गावातच. तो म्हणाला, सर, परत एकदा घेऊ. ‘गावातच’ नको, नुसतं ‘आपला वर्ग’ म्हणा, ऐकायला बरं लागतं. खरंच बरं लागतं. ओळ आटोपशीर होते. त्याचा कान अजून शाबूत आहे.

२७ जुलै, रविवार

जालन्याहून दोन माणसं आली होती, पोरांची परीक्षा घेऊन गेली. बद्रीनाथ म्हणाला, पोरांची तयारी पाहायला. लायबाचा नंबर वर लागला. सुमितचा फार खाली. मी घरी रागावलो, पण शिवशंकर आणि मनीषा दोघंही काही बोलली नाहीत. पोराला रागवायचं नाही ही नवी पद्धत असेल.

शिवशंकरनं जालन्याहून पत्र्याची पेटी, कुलूप, बादली, मग आणि एकेरी गादी आणलीय. मनीषा म्हणाली, माहेरी द्यायचंय. तिच्या भाचीचं लग्न असेल. विचारलं नाही. बाई माणसाला माहेरचं विचारू नये.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

घरी आल्याबरोबर लिहितो.

झेंडावंदन झालं. मैदानात सगळे पालक. बद्रीनाथनं मला शेजारी बसवलं, पुष्पगुच्छ दिला आणि माईकवर गेला. सांगितलं, वर्गाचा विस्तार होतोय. मी टाळी वाजवली. सगळ्यांच्या आधी मी वाजवली.

मग पुढचं आलं. निवडलेल्या पोरांना सोमवारपासून आठवडाभरात जालन्याच्या एका खासगी क्लासच्या हॉस्टेलवर नेणार. तिथं सकाळपासून इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेची तयारी. नावं आपल्याच शाळेच्या पटावर राहणार, हजेरी आपल्याकडं लागणार, पोरं जालन्यात शिकणार, दहावीचा पेपर द्यायला इथं येणार. गावातला वर्ग आजपासून थांबवला. ‘हे सगळं म्हस्कू सरांच्या स्वप्नातलं आहे,’ असं तो म्हणाला. त्या आवाजात कुठं खोट नव्हती. सातवीतला तोच आवाज.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता माझे हात हललेच नाहीत, गुच्छ होता हातात. अजमत फाटकापाशी उभा होता. त्यानंही टाळी वाजवली नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि लायबाला घेऊन निघून गेला.

शेडमागं टेम्पो उभा होता. लेथ चढवत होते. दोर सोडलेच नव्हते, त्यामुळं पटकन चढलं.

१७ ऑगस्ट, रविवार

पेटी, गादी, बादली सुमितची होती.

शिवशंकरला ओसरीत समोर बसवलं. विचारलं, एवढ्या खाली नंबर आलेल्या पोराला हॉस्टेलवर जागा कशी मिळाली? तो आधी मनीषाकडं बघत होता. मग म्हणाला, बद्रीनाथदादानं मे महिन्यातच शब्द दिल्ता. आबा पोरं जमवत गावोगाव फिरले तर सुमितची फी, हॉस्टेल सगळं माफ.

‘म्हणजे तुला मे महिन्यापासून माहीत होतं, की वर्ग जालन्याला जाणार?’

‘होतं.’

‘आणि मी गावोगाव जबान देत फिरत होतो.’

‘तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही बोलले असते का?’

‘नसतो बोललो.’

‘म्हणून न्हाई सांगितलं.’

मनीषा मान खाली घालून पोळ्या लाटत राहिली. एवढंच म्हणाली, आबा, त्याच्या आयुष्याचा प्रश्न आहे. तिचं चुकलं असं मला धड म्हणताही येईना. पण माझ्या घरात तीन माणसं तीन महिने माझ्या ताटासमोर बसून जेवली आणि मी लायबाच्या चित्रांचं कौतुक सांगत राहिलो. ती ऐकून घेत होती. सुमितसुद्धा.

१८ ऑगस्ट, सोमवार

बद्रीनाथच्या घरी गेलो. आज तो खुर्चीवर होता. मलाही खुर्ची दिली. चहा आला, मी घेतला नाही.

म्हणालो, मला फसवलंस. तो चिडला नाही. म्हणाला, सर, पहिल्याच दिवशी जालना म्हटलं असतं तर कोणी चौदा वर्षांचं पोरगं दिलं नसतं. दोन महिने वर्ग भरला, पोरं रमली, आईबापांची भीड चेपली. आता कोणी तक्रार करून राह्यलं का? तुम्हीच एकटे.

मी लायबाचं विचारलं. तिला घरचे हॉस्टेलवर पाठवणार नाहीत, तिचं काय? म्हणाला, तिचं नाव राहू द्या ना पटावर. तिनं घरी अभ्यास करावा, हजेरी मी बघतो, दहावीला बसेल. तुकडी टिकवायला मुली पटावर लागतातच.

‘तिला नाव नको, शिकायला वर्ग पाहिजे.’

त्यानं माझा चहा माझ्याकडं सरकवला. मग अगदी मायेनं बोलला, ‘सर, तुम्हीच सांगायचे, म्हणणाऱ्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला पायजे. तुमचा जातो. माझा न्हाई जात. मंग मी काय करायचं होतं?’

उठलो. फाटकाची कडी मला उघडता येईना, त्यानंच येऊन उघडली.

२१ ऑगस्ट, गुरुवार

ज्या गावांत मे महिन्यात गेलो तिथं आज एसटीनं आणि ओळखीच्या मोटारसायकलींवर मागं बसून गेलो. प्रत्येकाला सांगितलं, मला हे माहीत नव्हतं. कोणी रागावलं नाही, हेच अवघड झालं. एक जण म्हणाला, सर, चांगलंच झालं की, जालन्यात शिकतील. दुसरा म्हणाला, तुमची कृपा. तिसऱ्यानं हळूच सुचवलं, आता मागं ओढू नका, पोरांची बादली-गादी घेऊन झालीय. माझा खरा शब्द कोणाला नकोच होता. खोटा तेवढा सगळ्यांच्या कामी आला.

शेवटी अजमतकडं गेलो. तो वेल्डिंग करत होता, काच तोंडावरून काढली नाही. खैरुनबी बाहेर आली. बाज टाकली, पाणी दिलं. तिच्या रीतीत काही कमी नव्हतं.

म्हणाली, ‘सर, मी तुम्हाला सरळ विचारलं होतं. जालन्याला जानार न्हाई ना, असं विचारलं होतं. म्हाईत न्हाई म्हनले असते तर आम्ही अंबड सोडलं नसतं.’

मी म्हणालो, मला खरंच माहीत नव्हतं.

‘मंग जबान कशाची दिली?’

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

लायबा चुलीपाशी बसली होती. शाळेचा ड्रेस घातला नव्हता. आजीनं ठरवलंय, घरीच बसायचं तर शाळा कशाला, पुढच्या वर्षी शिवणकाम शिकेल. मी विचारलं, अंबडला परत प्रयत्न केला तर पाठवाल का? वेल्डिंगचा आवाज थांबला.

२४ ऑगस्ट, रविवार

सुमित गेला. बद्रीनाथनं गाडी पाठवली होती. मनीषानं दही दिलं. सुमित पाया पडायला वाकला, तेव्हा मी पाठीवर हात ठेवला. नातवावर राग धरून काय करू? पण तोंडातून आशीर्वाद निघाला नाही. इतक्या वर्षांत हजारो पोरांना दिला असेल, सहज. शिवशंकर दारात वाट बघत थांबला होता, मी काही बोलतो का. मग गाडीत बसून गेला.

टी-पट्टी इथंच राहिली. पेटीत मावली नाही म्हणे.

१ सप्टेंबर, सोमवार

अजमत सकाळी दारात आला. घरात ये म्हणालो, आला नाही. म्हणाला, अम्मी तयार आहे. अंबडची शाळा दाखला मागून राह्यली आणि इथले देईनात. शाळा सोडल्याचा दाखला मिळाल्याशिवाय दुसरीकडं नाव घालता येत नाही. क्लार्क रोज सांगतो, सचिवसाहेबांची सही व्हायचीय. पटावरचं नाव बद्रीनाथ का सोडत नाही, हे मला आता विचारावं लागलं नाही.

आंघोळ करून ऑफिसात गेलो. क्लार्क म्हणाला, साहेब जालन्याला गेले. मी म्हणालो, बसतो. बाहेरच्या बाकावर बसलो, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसेल असा. मधल्या सुट्टीत शिक्षक गोळा झाले. सर, काय काम काढलं? मी प्रत्येकाला मोठ्या आवाजात, मे महिन्यापासून काय घडलं ते सांगितलं. वर्गांच्या खिडक्या उघड्या होत्या. पोरं ऐकत होती.

दुसऱ्या सुट्टीत परत सांगितलं. तेव्हा पाचवी-सहावीच्या पोरांना न्यायला आलेल्या आयाही थांबून ऐकू लागल्या.

जालन्याला गेलेला बद्रीनाथ आतल्या खोलीतून बाहेर आला. दाखला त्याच्याच हातात होता, सही केलेला. माझ्याकडं न बघता तो क्लार्कच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, ‘सर, घरी जा. ऊन लागल.’

हा चांगुलपणा होता का काय, मला ठरवता आलं नाही. हल्ली मला आवाजावरून काहीच ठरवता येत नाही.

३ सप्टेंबर, बुधवार

अंबडला जाऊन आलो. अजमतनं मला या म्हटलं नव्हतं, पण नको असंही म्हटलं नाही. एसटीत तो आणि लायबा पुढं बसले, मी मागं. लायबानं एकदा वळून पाहिलं. अजमतनं वळून पाहिलं नाही.

मुख्याध्यापिका बाई कडक, पण ऐकून घेणाऱ्या. मे महिन्यात या मुलीची टेक्निकलला जागा होती, तुम्हीच फोन करून सोडली, म्हणाल्या. ती जागा लगेच दुसऱ्याला गेली. आता अर्धं सत्र झालं, टेक्निकल यंदा शक्यच नाही, आणि दहावीला मधूनच विषय घेता येत नाही. साध्या नववीत नाव घालते, बसायचं तर आजपासून बसू दे.

म्हणजे टेक्निकल तिच्या हातून गेलं. मी बोलायला गेलो. माझ्या जबानीवर यांनी जागा सोडली, दोष माझा, काहीतरी मार्ग काढा, असं बरंच बोललो. चष्म्याच्या डबीच्या चित्राचंही सांगितलं. आवाज चढला असावा, शेजारच्या खोलीतून कोणीतरी डोकावून गेलं. बाईंनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, नियम माझ्या हातात नाही.

लायबा म्हणाली, ‘साध्या वर्गात बसते मी.’ बापाकडं बघून म्हणाली, माझ्याकडं नाही. अजमतनं मान हलवली.

बाईंनी दाखला घेतला, नाव लिहिलं. पालकांची सही झाली. मग पेन तसंच धरून त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, ‘आणि हे मुलीचे कोण?’

मी बोलायच्या आधी अजमत बोलला.

‘कोन न्हाई, मॅडम. आमच्या गावचे हैत.’

मी बाहेर जाऊन व्हरांड्यात उभा राहिलो. त्याच्याकडं याहून कडक शब्द होते. बाईंसमोर, पोरीसमोर, त्यानं ते वापरले नाहीत.